दात तेवढे शाबूत

मी माउथगार्ड बोलतोय. शेळगावात मला कवळी म्हणतात. कवळी दात गेल्यावर येते आणि मी दात जाऊ नयेत म्हणून येतो, एवढाच फरक आहे. तो मी आजवर कुणाला समजावून देऊ शकलो नाही, कारण ज्याच्या तोंडात मी असतो त्याला नीट बोलता येत नाही.

दिसायला मी घोड्याच्या नालासारखा. रंग काळा, मधून लाल पट्टी, जात रबराची. वरच्या दातांवर मी बसतो आणि खालचे दात माझ्यावर टेकतात. जबड्यावर ठोसा बसला की तो दोघांत वाटून जातो. अर्धा मी खातो, उरलेला माणूस खातो.

माझा माणूस रविराज. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या हिंदुराव पैलवानांचा मुलगा. तो पिंजऱ्यातल्या लढती लढायचा. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं त्या खेळाचं नाव आहे. त्यात ठोसा चालतो, लाथ चालते, कुस्ती चालते, समोरच्याचा गळा आवळलेलाही चालतो. काय चालत नाही हे सांगायला फार वेळ लागत नाही.

माझा जन्म चहाच्या पातेल्यात झाला. दुकानातून आणतात तेव्हा आम्ही कुणाचेच नसतो. उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करायचं, तोंडात घालून दात दाबून धरायचे, गार होऊ द्यायचं. मग त्या दातांचा ठसा घेऊन आम्ही जन्मभर त्याच माणसाचे होतो. लग्नापेक्षा हा विधी लवकर आटोपतो, आणि मानपानावरून कुणी रुसत नाही.

रविराजने मला पातेल्यात सोडलं तेव्हा त्याची आई, दगडाबाई, चुलीपाशी भाजी चिरत होती. तिने वाकून पाहिलं.

"चहाच्या पातेल्यात टायर शिजवतुयास व्हय रं?"

"आई, दातासाठी हाय ते."

ओट्यावरून हिंदुराव म्हणाले, "माझं दात पडलं तरी मी कवळी लावली न्हाय. आन् हे तरणंताठं पोरगं कवळी लावतंय."

त्या दिवशी त्या तोंडात पहिल्यांदा गेलो आणि मला एक गोष्ट कळली. ज्याच्याशी लढायचं त्याच्यासमोर माणूस जेवढे दात आवळत नाही, तेवढे तो बापासमोर आवळतो.

हिंदुरावांना गाव आबा म्हणतं. तरुणपणी ते जत्रेच्या आखाड्यांत लढत. त्यांची पाठ मातीला लागलेली कुणीही पाहिलेली नाही. काही कुस्त्या त्यांनी मारल्या, बऱ्याच बरोबरीत सोडवल्या, आणि जिथं पाठ लागायची भीती होती तिथं ते गेलेच नाहीत, असं गावातले काही वाकड्या तोंडाचे लोक सांगतात. ते कसंही असो. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली तो हरला, दुसरा निकाल नाही. म्हणून अंगावर डाव आला की पैलवान झटकन पालथा होतो आणि पोटाने मातीला चिकटतो. पोटावर आहे तोवर तो हरलेला नसतो. रविराजला हे चालता येण्याआधीच शिकवलं गेलं. पाळण्यात उताणं झोपलेलं पोर आबा हळूच कुशीवर वळवायचे, असं दगडाबाई सांगते. पूर्वी सांगताना ती हसायची. आता हसत नाही.

कुस्तीत रविराजचं पुढं काही झालं नाही. गुडघा, निवड आणि वरपर्यंतची ओळख, या तिन्हींपैकी काहीतरी एक कायम दुखतच असायचं.

मग त्याला विकी सर भेटले. हे जवळच्या बारामतीचे, मुंबईला राहून हा खेळ शिकून आलेले. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमागं त्यांची पत्र्याची शेड होती. शेडच्या मधोमध जाळीचा पिंजरा. उन्हाळ्यात आतल्या माणसाची भाजी व्हायची. एका जत्रेत रविराजची कुस्ती पाहून विकी सर त्याला म्हणाले, "पैलवान, तुमच्या अंगात जेवढी ताकद हाय ना, तिच्या निम्म्यात आमच्याकडं माणूस टीव्हीवर येतो."

पिंजरा आबांना पसंत नव्हता. ते त्याला खुराडं म्हणत. "कोंबड्यागत जाळीत काय लढायचं? माणसानं मातीत लढावं." पण टीव्हीवर यायचा मुद्दा त्यांनाही खोडता आला नाही.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच झालं. पिंजऱ्यात पाठ लागली म्हणून कुणी हरत नाही. उलट पाठीवर पडून, पाय समोरच्याच्या कमरेला आवळून त्याला अडकवून ठेवता येतं, त्याचा हात किंवा गळाही पकडता येतो. धोका पालथं होण्यात आहे. पालथं झालं की समोरचा पाठीवर बसतो, कानशिलावर ठोसे मारतो आणि मागून गळ्यात हात घालतो. म्हणजे आबांच्या आखाड्यात जे वाचवतं, तेच विकी सरांच्या पिंजऱ्यात मारतं.

"पैलवान, पालथं व्हायचं न्हाय. पाठ टेका. हितं कुणी शिट्टी मारत न्हाय," विकी सर सांगायचे.

"व्हय सर."

पुन्हा पाडलं की रविराज पुन्हा पालथा.

"आत्ता काय सांगितलं मी?"

"मला समजलं हो सर," तो मला तोंडातून काढून म्हणाला, "पाठीला समजत न्हाय."

सुरुवातीला पाठीला समजायची गरजच पडली नाही. त्याला पाडणारा कुणी भेटला नाही. शेळगावच्या मांड्यांनी तो समोरच्याला उचलायचा आणि आपटायचा. मी तोंडात निवांत असायचो. दिल्लीत जिंकला, हैदराबादला जिंकला, आणि गावात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर नेतेमंडळी मोठी, शुभेच्छुक मध्यम आणि ज्याच्यासाठी फ्लेक्स तो कोपऱ्यात, अशी आपली पद्धत आहे. एका फ्लेक्सवर तर दुसऱ्याच लढवय्याचा फोटो होता. चेहरा सुजलेला असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच काळात त्याचं लग्न झालं. मुलगी पणदऱ्याची, राजनंदिनी, पदवीधर, जिभेने तिखट. "माझ्या बापानं फ्लेक्स बघून स्थळ पक्कं केलं," ती पुढं म्हणायची. "फ्लेक्स पावसात गेला. माणूस राहिला." पण हे ती त्याचे सुजलेले कान शेकताना म्हणायची, त्यामुळे मी ते मनावर घेत नसे. मग श्रेया झाली.

पहिला पराभव मुंबईत झाला. हरियाणाच्या एका उंच मुलाने रविराजला पाडलं. तो अर्थातच पालथा झाला, आणि मागून गळ्यात हात आला. गळा आवळला की या खेळात एक सोय आहे. हाताने समोरच्याच्या अंगावर थोपटायचं, म्हणजे मी हरलो, सोड. पंच लगेच सोडवतो. माणूस उठतो, पाणी पितो, घरी जातो. मला वाटतं, माणसाने काढलेल्या शहाण्या नियमांत हा नियम फार वर बसेल. रविराजने थोपटलं.

लढत मोबाइलवर सगळ्या गावाने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दादासाहेब बसले होते. दादासाहेब म्हणजे गावातला प्रत्येक सत्कार ठरवणारा आणि प्रत्येकाला टोमणा मारणारा माणूस.

"काय पैलवान, थोपटलं म्हणं?"

"व्हय."

"तान्ह्या बाळाला थोपटत्यात तसं?"

टपरी हसली. रविराजही हसला. मी त्याच्या खिशातल्या डबीत होतो, तरी ते हसू कसलं होतं ते मला कळलं.

घरी आबांनी विचारलं, "पाठ लागली का?"

"न्हाय आबा."

"मग हरलास कसा?"

"गळा आवळला हुता. थोपटलं की सोडत्यात."

आबांनी ओट्यावर पाय वर घेऊन मांडी घातली. मग वाईट न वाटू देता, अगदी माहिती द्यावी तसं म्हणाले, "आमच्यात सोड म्हणायचं न्हाय. तसला शब्दच न्हाय आमच्यात."

त्यांनी एवढंच सांगितलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पण त्यानंतर रविराजने कधीही थोपटलं नाही.

पुढची वर्षं सांगायला मला आवडत नाहीत. तो जिंकायचाही, पण हरायचा तेव्हा शुद्ध जाऊन हरायचा. पालथा व्हायचा, कानशिलावर ठोसे खायचा, गळा आवळला की हात तसाच ठेवून डोळे मिटायचा. लढतीत जेवढे ठोसे त्याहून जास्त सरावात. मी माझ्या परीने झीज सोसली. माझ्यावर त्याच्या दातांचे खड्डे पडले, एका बाजूला रबर पातळ झालं. असं झालं की नवा घ्यावा, असं डबीवरच लिहिलेलं असतं. पण त्याला मी लाभतो असं वाटायचं. एवढा मार खाऊनही कुणाला काहीतरी लाभतंय असं वाटू शकतं, हे मी माणसांतच पाहिलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते राजनंदिनीच्या. तो चहात मीठ घालायला लागला. अंगणवाडीतून श्रेयाला आणायला गेला आणि पिशवीभर टोमॅटो घेऊन परत आला. शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या. 'भाकरी' म्हणताना तो मध्येच थांबायचा, जणू पुढच्या अक्षरासाठी खिसे चाचपतोय.

ती बारामतीला जाऊन विकी सरांना भेटली. मी सरावाच्या पिशवीत होतो, म्हणून ऐकलं.

"सर, त्यांचं डोकं कामातनं चाललंय."

विकी सर पिंजऱ्याच्या पायरीवर बसले. "वहिनी, मी रोज सांगतो. पाठ टेकायला शिकले ना, तर निम्मा मार वाचतोय. पण ते..."

"मग शिकवा. न्हाय तर बंद करा. मला माणूस पायजे. माझ्याकडं सत्काराच्या शाली लय झाल्यात."

तेव्हा ठरलं. एकच लढत. जिंकला तर दुबईचा करार होणार होता, तिथं वर्षातून मोजक्याच लढती, सोबत डॉक्टर, चांगली व्यवस्था. हरला तर निवृत्ती. आणि तोवर लढती बंद, फक्त पाठ टेकायची शिकवणी.

जवळजवळ वर्षभर विकी सरांनी दुसरं काही केलं नाही. रविराजला पाडायचं, छातीवर हात ठेवायचा, आणि म्हणायचं, "हितंच ऱ्हावा. कुणी बघत न्हाय. हितंच." माणसाला घाबरलेल्या बैलाशी बोलावं तसं ते बोलायचे. हळूहळू पाठीला समजलं. दिवाळीनंतर कधीतरी रविराज पाडल्यावर पालथा झाला नाही. उताणा राहिला, पाय आवळले आणि हसला. हसताना मी तोंडातून बाहेर पडलो.

ती लढत पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये झाली. आबा तोवर एकदाही पिंजरा पाहायला गेले नव्हते. या वेळी दादासाहेबांनी गाड्या केल्या आणि आबांना फेटा बांधून पहिल्या रांगेत आणून बसवलं. समोर मणिपूरचा एक बुटका, शांत मुलगा होता. नमस्कार वाकून करायचा.

त्या मुलाने दुसऱ्या फेरीत रविराजला पाडलं. आणि रविराज पाठीवर राहिला. पाय आवळले. तोंडात असल्याने मला दिसतं कमी, पण कळतं जास्त. जबडा सैल होता. श्वास नाकाने आणि शांत चालला होता. इतक्या लढतींत पडल्यावर असा श्वास मी पहिल्यांदा पाहिला. त्या मुलाचा हात रविराजच्या दोन्ही हातांत सापडला होता, आणि तो मुलगा घाबरला होता. विकी सर जाळीला तोंड लावून हळू आवाजात म्हणत होते, "तसंच. तसंच ऱ्हावा पैलवान. हात सोडू नका."

आबांना दिसलं ते एवढंच, की आपला मुलगा उताणा पडलाय आणि दुसरा त्याच्या छातीवर आहे.

"रव्या, पाठ. पाठ लागली रं. पलट."

त्या हॉलमध्ये गोंगाट होता, भोंगे होते, गाणी होती. पण तो आवाज त्याने पाळण्यात ऐकला होता. पाठीने ऐकलं आणि पाठ पलटली.

नंतरचं लवकर सांगतो. हात सुटला. तो मुलगा पाठीवर चढला. कानशिलावर ठोसे आले, एकामागून एक, आणि रविराज अजून हलत होता म्हणून पंचाने लढत थांबवली नाही. मग गळ्यात हात आला. रविराजचा उजवा हात मोकळा होता. नुसता थोपटायचा होता. तो मॅटवर तसाच पडून राहिला आणि त्याची बोटं उघडली. त्याच वेळी दात माझ्यातून आरपार गेले. माझी एका बाजूची चीर आहे ती त्या वेळची.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी आबांना शोधलं. आबा जाळीच्या दारात आले होते, फेटा सुटलेला.

"लागली का, आबा?"

"न्हाय," आबा म्हणाले. "पलटलास की तू. शेवटाला न्हाय लागली."

बापलेक दोघांनाही बरं वाटलं. विकी सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. राजनंदिनीने तिथंच जमिनीवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, लावलं.

पुण्यातल्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि खेळ बंद म्हणून सांगितलं. बोलण्यावर परिणाम झालाय, तोल जाईल, विसरणं वाढेल, असंही सांगितलं. मग टॉर्च लावून तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "दात मात्र छान राखलेत. एकही हललेला नाही."

माझ्याकडे दातांचं काम होतं. ते मी चोख केलं. दातांच्या वर जे काही असतं ते माझ्या अखत्यारीत येत नव्हतं. मोठमोठ्या कचेऱ्यांतही असंच चालतं. प्रत्येक खातं आपापलं काम नियमाप्रमाणे करतं, आणि माणूस दोन खात्यांच्या मधून खाली पडतो.

नोकरदार माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. रविराजलाही मिळालं. नोकरदार तेव्हा साठीला आलेला असतो, हा तिशीच्या उंबऱ्यावर होता. दादासाहेबांनी भाषणात सांगितलं, "पैलवान हरला, पण पाठ लागू दिली न्हाय." टाळ्या पडल्या. मग रविराजला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, माइक धरला, आणि पहिलाच शब्द चिकटला. दुसरा त्याच्यावर पडला. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "आज बी ढोसूनच आलाय वाटतं."

तिथून ते सुरू झालं. रविराजने आयुष्यात दारूला बोट लावलेलं नाही. पण शब्द अडखळतात, चाल तिरपी जाते, सकाळी डेअरीला दूध घालायला गेला की किटली तिथंच विसरतो. एवढ्यावर गावाने निकाल दिला. टपरीवर दादासाहेब समजुतीने म्हणायचे, "पैलवान, जरा बेतानं. पोरगी ल्हान हाय." इंदापूरच्या एसटी स्टँडवर बायका पदर नाकाला लावून बाजूला सरकायच्या. एकदा बचत गटाच्या सारजाबाई दोन बायकांना घेऊन घरी समजूत घालायला आल्या. त्याच्या तोंडाजवळ वाकून त्यांनी वासही घेतला.

"वास तर येत न्हाय," सोबतची म्हणाली.

"मग गोळ्या घेत आसंल," सारजाबाई म्हणाल्या.

राजनंदिनीने त्यांना चहा दिला आणि दार दाखवलं. आबा ओट्यावरच होते. ते काही बोलले नाहीत. टपरीवर कुणी विषय काढला तरी ते मान वळवायचे. मी त्यावर खूप विचार केला. दारू म्हटली की गाव पुढं काही विचारत नाही, तशी घरं गावाच्या सवयीची आहेत. मार म्हटलं, की कुणी मारला, किती मारला, आणि तुम्ही तिथं बसून काय करत होता, हे विचारलं जातं.

मी तेव्हा कपाटात होतो, डबीत. बाहेरचं सगळं घरातल्या बोलण्यातून कानावर यायचं. माझी सेवा संपली असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी रविराजने डबी उघडली, मला तोंडात घातलं आणि अंगणात श्रेयाला बोलावून तिला गोष्ट सांगायला लागला. कोल्ह्याची गोष्ट होती. कोल्हा बोबडा होता, कोंबडी बोबडी होती. श्रेया पोट धरून हसली. "आई, पप्पा कवळी घालून गोष्ट सांगत्यात."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी तोंडात असलो की कुणाचंही बोलणं बोबडंच येतं. मग कुणी त्या माणसाला हसत नाही, मला हसतं.

त्यानंतर तो रोज मला घालू लागला. आधी गोष्टीपुरता, मग डेअरीत, मग टपरीवरही. सराव चालू आहे, असं हाताने खुणावायचा. "अजून नाद सुटला न्हाय पैलवानाचा," लोक म्हणायचे. दारूपेक्षा हा आरोप बरा होता. ठोसा नाही, लाथ नाही, नुसतं तोंडात बसायचं. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात हलकं काम, आणि मला ते सगळ्यात जड गेलं.

श्रेया पहिलीत गेली. शाळेत बाईंनी सगळ्यांना घरच्यांसोबत एक कविता पाठ करून आणायला सांगितली होती. ती संध्याकाळी त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"पप्पा, ते काढा आता."

त्याने मान हलवली.

"काढा ना. बाईंनी सांगितलंय, तोंडात काही ठेवून बोलायचं न्हाय. समोरच्याला कळत न्हाय."

तो हसला आणि मान हलवली. तिने सरळ दोन बोटं घातली आणि मला ओढून बाहेर काढलं. मी तिच्या तळहातावर, थुंकीने ओला.

"आता म्हणा. माझ्या मागनं म्हणा."

तिने पहिली ओळ म्हटली. त्याने म्हटली. ती तशीच आली, चिकटलेली, कडा गेलेली. तिला वाटलं तो चिडवतोय. तिने पुन्हा म्हटली. त्याने पुन्हा म्हटली, या वेळी डोळे मिटून, एकेका अक्षराला जोर लावून. तशीच आली.

मग ती गुडघ्यांवर उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने त्याचं तोंड उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

"अजून एक हाय का आत?"

घरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. रविराज तोंड तसंच उघडं ठेवून बसून राहिला. मिटलं असतं तर काही बोलावं लागलं असतं.

ओट्यावरून आबा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. ते आले, श्रेयाचे हात त्याच्या गालांवरून काढले आणि आपल्या हातात घेतले.

"न्हाय बाळा. आत कायबी न्हाय. पप्पाला मार लागलाय. डोक्यात."

"कुणी मारलं?"

आबा हात टेकून तिच्याशेजारी खाली बसले. अंधार पडेपर्यंत तिघं तिथंच बसून होते, आणि कविता म्हणायचं राहून गेलं.

बारामतीला बोलणं शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत. राजनंदिनी कधीपासून त्यांचं नाव सांगत होती, आणि रविराज टाळत होता. त्या आठवड्यात आबा स्वतः त्याला घेऊन निघाले. मी रविराजच्या खिशात होतो. गाडीत बसल्यावर कंडक्टर तिकीट मशीन घेऊन आला. रविराजने तोंड उघडलं. शब्द आला नाही, नुसता आवाज आला. कंडक्टरने नाक आक्रसलं.

"सकाळच्या पारी? उतरा खाली. गाडीत बायामाणसं हायत."

रविराजचा हात खिशात गेला. मला धरलं. तोंडात घालणार होता.

आबांनी त्याचं मनगट धरलं आणि उभे राहिले. शेळगावातली बरीच माणसं त्या गाडीत होती. मागच्या बाकावर दादासाहेबही होते.

"प्यालेला न्हाय त्यो," आबा म्हणाले, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मार खाल्लाय पोरानं. डोक्यात मार बसलाय. मी बसलो हुतो तितं समोर. त्याला बोलाया येळ लागतुय, एवढंच. थांबा जरा."

कंडक्टर थांबला. बोट मशीनवर तसंच. रविराज दुसऱ्यांदा बोलायला लागला. गाडी सुरू होती, इंजिन घुरघुरत होतं, आणि मागं कुणी खाकरलंही नाही.

"बा... रा... मती," तो म्हणाला. "दोन."

तिकिटं फाटून आली.

तो माझा शेवटचा प्रवास. त्यानंतर त्याने मला तोंडात घातलं नाही. बारामतीला तो अजून जातो. सुधारणा होईल का, असं विचारलं की डॉक्टरबाई विषय बदलून त्याला फुंकर मारायचा व्यायाम देतात. घरातल्या बोलण्यावरून मी काय ते समजलो. आबा त्याच्यासोबत जातात, येतात, आणि टपरीवर आता फार बसत नाहीत. विकी सर महिन्यातून एकदा येतात, पिंजऱ्याविषयी बोलत नाहीत, म्हशीविषयी बोलतात.

मी श्रेयाच्या खेळण्यांत आहे. माझ्यात ती बाहुलीला झोपवते. आकाराने बरा बसतो. रबर आता कडक झालंय आणि चिरेत माती साचलीय. आणखी वर्षभराने मला कुणी उकिरड्यावर टाकेल, त्याची मला तक्रार नाही. आमच्या जातीला पेन्शन नसते.

जाण्याआधी तुम्हाला एक विनंती आहे. उद्या स्टँडवर, डेअरीत, कुठल्या तरी खिडकीवर एखादा माणूस तुमच्यासमोर अडखळेल. त्याचा वास घेऊ नका, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. त्याचं वाक्य कुठंतरी मागून निघालेलं असतं, आणि मध्ये काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आत्ता संध्याकाळ झालीय. रविराज ओट्यावर बसलाय आणि श्रेयाला काहीतरी सांगतोय. मी इथून ऐकतोय. पहिला शब्द बरा गेला. दुसऱ्यावर तो अडकलाय. ती हनुवटीला हात लावून त्याच्याकडं बघत बसलीय. थांबलीय.